खापरातलं दूध शोधायचंय, लिपिड करावं की प्रोटीन?

उत्खननातल्या भांड्यांत कधी दूध होतं का हे शोधायचंय, मोजकीच खापरं आहेत, पैसेही एकाच टेस्टपुरते, अशा वेळी लिपिड करू की प्रोटीन हा प्रश्न पडलेल्यांसाठी लिहितोय. लिपिड म्हणजे भांड्यात मुरलेली चरबी तपासायची, प्रोटीन म्हणजे भांड्यात राहिलेली प्रथिनं तपासायची.

ऐकायला प्रोटीनच भारी वाटतं. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे दुधातलं प्रोटीन सापडलं की वादच मिटला, ते दुधाशिवाय येणार कुठून, माणसाच्या दुधात तर ते नसतंच, वर बऱ्याचदा गाय, शेळी की मेंढी हेपण कळतं. तुर्कस्तानातल्या चाताल्हयुक या प्राचीन वस्तीतल्या भांड्यांवर २०१८ साली हे करून दाखवलं, एका भांड्यात तर दूध फाटल्यावर निघणारं पाणी वेगळं काढलं असावं इथपर्यंत अंदाज बांधता आला. लिपिडवाले इतकं बारीक सांगू शकत नाहीत, रवंथ करणाऱ्या जनावराचं दूध म्हणतात आणि थांबतात.

तरी मी लिपिडकडे वळलो, कारण प्रोटीनला भांड्याच्या आतून चिकटलेला थर लागतो. चाताल्हयुकला तो क्षाराच्या पुटांत मिळाला. आणि मला गोदामातून जी खापरं मिळाली ती सगळी ब्रशने घासून लख्ख केलेली, वर शाईने नंबर घातलेले, आत खरवडीचा कणसुद्धा नाही! कुणाला दोष देणार, खापरं धुणं हे उत्खननाचं रोजचंच काम, पण आपल्याला हवं ते नेमकं त्याच पाण्यात गेलेलं असतं. भांड्याच्या मातीत मुरलेलं प्रोटीन काढता येतं म्हणतात, पण ते मातीला इतकं घट्ट धरून बसतं की माझी तरी हिंमत झाली नाही.

चरबीचं तसं नाही, ती भिंतीत खोल शोषली जाते आणि ब्रशला दाद देत नाही. वरचा थर घासून काढायचा, आतली एक-दोन ग्रॅम पूड घ्यायची. दुधाची ओळख असलेली छोटी फॅटी ॲसिडं हजारो वर्षांत निघून जातात आणि उरतं ते अंगच्या चरबीसारखंच दिसतं, हा मोठा घोळ होता, तो १९९८ साली डड आणि एव्हरशेड या संशोधकांनी सोडवला. उरलेल्यांपैकी पामिटिक हे फॅटी ॲसिड कासेत तयार होतं पण स्टिअरिक होत नाही, ते काही प्रमाणात चाऱ्यातून येतं, म्हणून या दोन ॲसिडांमधल्या कार्बन-१३ च्या, म्हणजे जड कार्बनच्या, प्रमाणात फरक पडतो. स्टिअरिकमधून पामिटिकचा आकडा वजा केल्यावर उणे ३.१ पर मिलच्या (दर हजारी) खाली गेलं की दूध, आणि वजाबाकीच असल्याने जनावराने काय खाल्लं याचा त्रासही बराच कमी होतो. २००८ मध्ये याच पद्धतीने २,२०० हून जास्त भांडी तपासून दूध इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकापर्यंत मागे नेलं, आणि २०१२ मध्ये लिबियाच्या वाळवंटातल्या टाकारकोरीतही सापडलं.

कटकटी इथेही आहेत, नाही असं नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून येणारी थॅलेट नावाची रसायनं आणि कुणाच्या तरी हाताचं क्रीम ग्राफवर हमखास हजेरी लावतात, त्याच भांड्यात डुकराची चरबीही शिजली असेल तर दुधाचा सिग्नल झाकला जातो, आणि पूड केलेलं खापर काही परत येत नाही. पण निदान काहीतरी हाती लागण्याची शक्यता मला इथे जास्त वाटते.

तुमच्याकडे थर असलेली, न धुतलेली खापरं असतील तर प्रोटीन कराच, मी वाद घालणार नाही. आणि खोदकाम अजून चालू असेल तर आजच सांगून ठेवा की काही खापरं धुऊ नका, हात न लावता फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.