नाताळची देणगी: नोंदणी क्रमांक खरा, क्यूआर कोड भलत्याचा

नाताळ जवळ आला की सोसायटीच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देणगीची आवाहनं येऊ लागतात. त्यांतली बरीच खरी असतात, आणि भामट्यांचं फावतं ते नेमकं त्यामुळेच.

मेसेजचा साचा ठरलेला. 'या नाताळला एका मुलाला ऑनलाइन छळापासून वाचवा', खाली संस्थेचं नाव, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, ८०जीचा (देणगीवरच्या आयकर वजावटीचा) उल्लेख आणि क्यूआर कोड. सावध माणूस क्रमांक तपासतो आणि तो खरा निघतो, कारण तो एखाद्या चांगल्या संस्थेच्या वेबसाइटवरून जसाच्या तसा उचललेला असतो. बदललेला असतो फक्त कोड. म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या किंवा स्वयंसेवी संस्थांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या एनजीओ दर्पणच्या पोर्टलवर संस्था सापडली, एवढ्यावर पैसे पाठवू नका. कोड स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. तिथे ट्रस्टऐवजी कुणा व्यक्तीचं किंवा 'एंटरप्रायझेस'चं नाव दिसलं तर व्यवहार रद्द करा. विचारलंत तर 'ते आमचे खजिनदार आहेत' असं उत्तर मिळेल. ते मानू नका. संस्थेला फोन करायचा तर नंबर मेसेजमधला नको, तिच्या वेबसाइटवरचा घ्या.

पुढचा सापळा पावतीचा. पैसे गेल्यावर '८०जी प्रमाणपत्र डाउनलोड करा' म्हणून फाइल येते. नावाच्या शेवटी '.एपीके' असेल तर ती पावती नाही, ॲप आहे. ते इन्स्टॉल करून एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी परस्पर तिकडे जातात आणि ५०१ रुपयांच्या देणगीपायी खातं रिकामं होतं. खरी संस्था साधी पावती देते. वजावटीसाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर, ३१ मेपर्यंत मिळतं. त्यासाठी पॅन लागतो. ओटीपी किंवा कार्डाचा नंबर कधीच नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ८०जी लागूच नाही.

सर्वांत संतापजनक प्रकार वेगळाच. 'देणगीदारांच्या मुलांना सांताचं पत्र पाठवतो' म्हणत मुलाचा फोटो, जन्मतारीख, शाळा, इयत्ता मागतात. मुलांच्या डिजिटल सुरक्षेच्या नावाखाली त्यांचीच माहिती गोळा होते. पैसे एकवेळ परत मिळतील, ही माहिती नाही. काही जण दया यावी म्हणून अत्याचाराची चित्रं पाठवतात. ती पुढे पाठवू नका, 'पुरावा' म्हणून साठवूही नका: मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य पाठवणं आणि बाळगणं, दोन्ही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बी आणि पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर नाव न देताही करता येते.

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जवळ व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवायचे असतात, म्हणून तासभराचा उशीरही भोवतो. एपीके इन्स्टॉल झालं असेल तर फोनचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. मुलाची माहिती गेली असेल तर शाळेला सांगा. आणि त्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट खऱ्या संस्थेला जरूर पाठवा, म्हणजे तिला आपल्या बाकीच्या देणगीदारांना वेळेत सावध करता येईल.