मकरपुऱ्यात व्हीसी बसवून घेतली: काम चोख, वायरिंग ओबडधोबड

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमचं पंपांच्या सुट्या भागांचं युनिट आहे. बाहेरदेशच्या गिऱ्हाइकांशी ड्रॉइंगवर बोलायला मीटिंग रूममध्ये व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचं यंत्र हवं होतं. दांडिया बाजारातल्या एका दुकानाकडून ते बसवून घेतलं.

वायरिंग भिंतीवरूनच, पट्टी मारून. काकांना ते बघवत नाही.

पण सुरक्षेचं काम मात्र मानलं. आलेल्या मुलाने आधी यंत्राचं ‘ऑटो आन्सर’ बंद केलं. २०१२ मध्ये एच. डी. मूर या संशोधकाने दाखवून दिलं होतं, की हजारो बोर्डरूममधली यंत्रं बाहेरून आलेला कॉल आपोआप उचलतात. म्हणजे कोणीही घरबसल्या आत डोकवावं! मग मूळचा पासवर्ड बदलला, फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि यंत्राला वेगळं नेटवर्क दिलं, त्यामुळे तिथून टॅलीच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. झूमला पासकोड आणि वेटिंग रूम लावली. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (म्हणजे बोलणं फक्त मीटिंगमधल्यांनाच उलगडतं) चालू केलं, तर असं एसआयपी या कॉल-पद्धतीवर चालणारं यंत्र त्या मीटिंगला जोडलं जात नाही आणि क्लाउड रेकॉर्डिंगही होत नाही, हे त्याने पैसे घेण्याआधी सांगितलं. म्हणून दराची बोलणी आम्ही ते एन्क्रिप्शन लावून लॅपटॉपवरून करतो.

एवढं सगळं करून जाताना विचारतो कसा, “नवा पासवर्ड टीव्हीमागे चिकटवून ठेवू का?”

वार्षिक देखभालीचा दर जास्त वाटला, तो करार केला नाही. रविवारी फोन उचलत नाहीत. पाचापैकी चार तारे.