मैफल की नाटक? एकच तिकीट काढायचं असेल तर

सभागृहाच्या पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या कार्यक्रमांची यादी लागली की नेहमीचा पेच पडतो. एकाच आठवड्यात एक मैफल असते आणि एक चांगलं नाटकही असतं. दोन्हींना जावंसं वाटतं, पण वेळ आणि खिसा एकाचाच हिशेब जमू देतात. मी बरीच वर्षं दोन्हीकडे जात आलोय. अशा वेळी आता माझा कल बहुतेकदा नाटकाकडे झुकतो. संगीत कमी आवडतं म्हणून नाही, ते तर मी रोज ऐकतो. कारण वेगळं आहे आणि ते जरा सविस्तर सांगायला हवं.

आधी मैफलीची बाजू, कारण ती भक्कम आहे. मैफल एकदाच होते. नाटकाचा प्रयोग हुकला तर पुढचा लागतो, दौऱ्यावर आलेला कलावंत मात्र त्याच शहरात पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. कलावंत वयस्क असेल तर मी फार विचार करत बसणार नाही, मैफलीचंच तिकीट काढेन. त्याशिवाय मैफलीला उशिरा पोचलात तर दोन रचनांच्या मध्ये आत सोडतात. नाटकाला अनेक ठिकाणी मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावं लागतं, आणि ते योग्यच आहे. दिवसभर डोकं शिणलेलं असेल तरी संगीत आपल्याला सांभाळून घेतं. नाटकात पहिली दहा मिनिटं लक्ष उडालं तर पुढचा तासभर कोण कुणाचा कोण, हेच लावत बसावं लागतं.

नाटकाची बाजू सांगताना एक गोष्ट लक्षात ठेवा, पहिल्या आठवड्यातला प्रयोग आणि मुरलेला प्रयोग यांत फरक असतो. सुरुवातीला नटांना हशा नेमका कुठे येणार याचा अंदाज नसतो. ते पुढचं वाक्य सुरू करतात आणि ते हशाखाली बुडतं. काही प्रयोगांनंतर तोच नट अर्धा श्वास थांबतो, हशा ओसरू लागला की नेमक्या क्षणी वाक्य टाकतो. हे थांबणं पाहणं हाही नाटकाचा आनंद आहे. म्हणून नवं नाटक असेल तर मी थोडे दिवस जाऊ देतो. यादीत त्याच नाटकाच्या पुढच्या तारखा दिसत असतील तर घाई करण्याचं कारण नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती. आवाज माणसाकडून येत नाही, भिंतीकडून येतो.

मोठ्या सभागृहातल्या बऱ्याच मैफलींत मला हेच जाणवलंय. एकदा उजव्या कडेची खुर्ची मिळाली होती. गायिका मंचाच्या मध्यावर, जरा डावीकडेच बसली होती. तिने स्वर लावला तो माझ्या उजव्या कानाच्या वर टांगलेल्या स्पीकरमधून आला. तिचे ओठ हलताना समोर दिसत होते आणि आवाज डोक्यावरून येत होता. व्हायोलिनवाल्याने गज उचलला तो डावीकडे, तान संपली ती उजवीकडे. डोळे मिटले तर सुरेल, उघडले की समोर बसलेली माणसं आणि कानावर येणारं संगीत यांची जोडणी तुटायची. मन सारखं ती जुळवत राहतं आणि त्यातच दमतं. शेवटी मी बराच वेळ डोळे मिटूनच बसलो. डोळे मिटून ऐकण्यासारखं ध्वनिमुद्रण तर घरीही होतं.

हा निव्वळ माझ्या कानांचा चोखंदळपणा असता तर लिहिलं नसतं. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. गायिका तुमच्यापासून 20 मीटरवर असेल तर तिच्या गळ्यातून निघालेला स्वर पोचायला सुमारे 58 मिलिसेकंद लागतात. स्पीकर 8 मीटरवर असेल तर तोच स्वर तारेतून जवळजवळ क्षणात तिथे जातो आणि 23 मिलिसेकंदांत तुमच्यापाशी येतो. जो आधी पोचतो त्याच्याच दिशेला कान आवाजाचं ठिकाण ठरवतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाचं 1951 मध्ये प्रसिद्ध झालेलं काम याच विषयावर आहे. त्यातली उपयोगाची बाब अशी की, स्पीकरचा आवाज मूळ आवाजाच्या किंचित मागून, दहा-वीस मिलिसेकंदांनी सोडला तर तो बराच मोठा असूनही आपल्याला गाणं गायिकेकडूनच आल्यासारखं वाटतं. म्हणजे उपाय ठाऊक आहे, यंत्रात तशी सोयही असते. पण प्रत्येक कार्यक्रमाला साउंड सांभाळणारी मंडळी वेगळी, तयारीला वेळ अपुरा, आणि जुळवाजुळव होते ती बहुधा मधल्या खुर्च्यांसाठी. कडेला बसलेल्याच्या वाट्याला भिंतच येते.

नाटकात, निदान छोट्या सभागृहातल्या नाटकात, हा त्रास मला क्वचित झाला. खुर्चीत बसलेली बाई बोलली की आवाज खुर्चीतून येतो. कुणी पाठमोरं होऊन पुटपुटलं तर आवाज मंद आणि गुळगुळीत होतो, कारण व्यंजनांची धार तोंडासमोरच्या दिशेलाच जास्त जाते. पाठ फिरवून बोललेल्या वाक्याचा अर्थ त्या मंदपणातही असतो. विंगेतून हाक आली की मान आपोआप तिकडे वळते. अंधारात पावलं डावीकडून उजवीकडे गेली तर ती गेलेली कळतात. माणसं त्याच खोलीत आहेत ही खात्री मला तिकिटाच्या पैशांत हवी असते, आणि ती नाटक जास्त वेळा देतं, असा माझा अनुभव आहे.

नाटक हा आजार टाळतंच असं मात्र नाही. मोठ्या मंचावरच्या गाण्याबजावण्याच्या नाटकांत नटांच्या गालाला माइक चिकटवलेले असतात आणि दहा जणांचे आवाज त्याच दोन स्पीकरमधून येतात. बोलतंय कोण, हे हलणाऱ्या ओठांवरून शोधावं लागतं. अशा नाटकाशी तुलना करायची असेल तर माझं पारडं पुन्हा मैफलीकडे झुकेल.

सभागृह कशासाठी बांधलंय हेही पाहायला हवं. वाद्यवृंदाला आवाज थोडा रेंगाळलेला मानवतो. बॉस्टनचा सिम्फनी हॉल 1900 मध्ये उघडला, त्याच्या रचनेत वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाचं गणित होतं. प्रेक्षकांनी भरलेला असताना तिथे आवाज विरायला सुमारे 1.9 सेकंद लागतात. बोलण्यासाठी इतका वेळ फार झाला. एका शब्दाची शेपूट पुढच्या शब्दावर चढते, म्हणून नाटकाला सेकंदभर किंवा त्याहून कमीच बरा. शहरातलं एकमेव मोठं सभागृह दोन्हींसाठी वापरलं जातं तेव्हा ते मधेच कुठेतरी अडकतं. काही ठिकाणी भिंतींवर जाड पडदे ओढून किंवा सरकवून हा फरक साधतात, आणि तिथे दोन्ही प्रकार चांगले ऐकू येतात. नुसत्या नावावर जाऊ नका एवढंच. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधलं मुख्य संगीत सभागृह 1962 मध्ये उघडलं, पण आवाजाच्या तक्रारींमुळे 1976 मध्ये त्याचा आतला भाग काढून नव्याने बांधला, आणि पुन्हा मोठी दुरुस्ती होऊन ते 2022 मध्ये उघडलं.

म्हणून तिकीट काढण्याआधी तिकीट खिडकीवर एक प्रश्न जरूर विचारा: कार्यक्रम माइकवर आहे का? तिथल्या माणसाला माहीत नसेल तर तो बहुतेक वेळा कुणाला तरी विचारून सांगतो. मैफल माइकशिवाय असेल, म्हणजे छोट्या दालनात तीन-चार वाद्यं किंवा नुसता पियानो आणि गळा, तर माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि मैफलीलाच जा. सतारीची तार छेडल्यावर तिचा नाद विरत विरत जिथे संपतो तिथपर्यंत कानाने जाणं, याच्या तोडीचं मला नाटकातही फार थोडं मिळालंय. स्पीकरमध्ये हा शेवटचा भाग बहुधा खरखरीखाली जातो.

खुर्चीचं म्हणाल तर प्लॅन उघडल्यावर मी बाल्कनीच्या छताखालच्या मागच्या रांगा आधी सोडून देतो. तिथे वरून येणारा आवाज अडतो आणि सगळं डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं. हे दोन्हींना लागू आहे. माइकवरच्या मैफलीला मधली रांग, मधली खुर्ची, आणि ती नसेल तर कडेपेक्षा थोडं मागे मध्यावर. नाटकाला मला पाचवी ते आठवी रांग बरी वाटते, चेहरे दिसतात आणि पूर्ण मंचही नजरेत राहतो. अगदी पुढे बसलं की नट दोन टोकांना उभे असताना मान फिरवावी लागते. काही नव्या सभागृहांत मंचाच्या मागेही प्रेक्षक बसतात. बर्लिनच्या फिलहार्मोनीने 1963 पासून ही पद्धत रुळवली. वाद्यवृंद असेल तर मागची खुर्ची जरूर घ्या, संचालकाचा चेहरा समोर दिसतो. गायक असेल तर घेऊ नका, त्याचा आवाज पुढे जातो आणि तुमच्याकडे फक्त पाठ उरते.

तुमच्या कानांना कदाचित भिंतीकडून येणाऱ्या आवाजाचं काहीच वाटत नसेल. माझ्याबरोबर येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो जाणवतही नाही, आणि त्यांची संध्याकाळ छान जाते. तसं असेल तर कलावंत पाहून ठरवा. पण एकदा जाणवला असेल, तर मोठ्या सभागृहातली माइकवरची मैफल आणि छोट्या सभागृहातलं मुरलेलं नाटक यांत मी तरी नाटकाचं तिकीट काढेन, सहाव्या रांगेतलं.