मागूर बीजोत्पादन: ओव्हाप्रिम की पीयूष ग्रंथी?

नायजेरियातील आफ्रिकन मागूरच्या हॅचरीत मादीने अंडी सोडावीत म्हणून तिला टोचण्यासाठी आयात केलेले ओव्हाप्रिम (तयार संप्रेरक-औषध) किंवा माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क वापरतात. ओव्हाप्रिमची मात्रा किलोमागे सुमारे 0.5 मिली असल्याने 10 मिलीची कुपी वीसेक किलो माद्यांना पुरते; मात्र नायराची (नायजेरियाच्या चलनाची) घसरण तिच्या किमतीत लगेच उतरते. ग्रंथी जवळपास फुकट पडते, कारण या जातीच्या नराचे वीर्य दाबून निघत नसल्याने वृषणासाठी नर बहुधा मारावाच लागतो आणि त्याच्याच डोक्यातून ती काढता येते. परंतु दात्याच्या वयानुसार व पक्वतेनुसार तिची ताकद बदलते. एकाच वेळी अनेक माद्या टोचणाऱ्याला, माझ्या मते, ओव्हाप्रिमच परवडते, कारण फसलेल्या खेपेत औषधापेक्षा मादीचा हंगाम आणि विकता आली असती ती मत्स्यजिरे (अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले) अधिक महाग पडतात.