वूफर खोटा होता, संशय मात्र मी माझ्याच हातांवर घेतला

गेल्या आठवड्यात विक्रीच्या ॲपवर तीच जाहिरात पुन्हा दिसली. तीच निळ्या-लाल पट्ट्यांची सतरंजी, तिच्यावर उपडे ठेवलेले तेच दोन वूफर (स्पीकरच्या बॉक्समधला खालचे सूर वाजवणारा मोठा भाग), मागे त्याच खिडकीचा गज. गावाचं नाव बदललंय आणि किंमत पाचशे रुपयांनी उतरलीय. फोटोतले ते दोन वूफर माझ्या घरी माळ्यावर आहेत, दीड वर्षापासून. म्हणजे मला बनावट वूफर विकणारा माणूस अजून विकतोय आणि कुणीतरी अजून घेतंय. म्हणून हे सगळं लिहितो आहे.

आमचे अण्णा तरुणपणी भजनी मंडळात तबल्याची साथ करायचे. आता बोटं चालत नाहीत, पण रोज संध्याकाळी तासभर नाट्यसंगीत ऐकल्याशिवाय जेवत नाहीत. ते ऐकायचे एका छोट्या ब्लूटूथ डब्यावर. डग्गा त्यात जवळजवळ नव्हताच. मी ठरवलं, त्यांच्यासाठी घरीच एक जोडी स्पीकर बनवायची. दोन वर्षं वाचन करत होतो, लाकडाचं काम थोडंफार येत होतं, सोल्डरिंग कॉलेजपासून येतं. आठ इंची वूफर, एक इंची ट्वीटर, मागे पाइपचा पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट, असलेला बॉक्स, असा साधा आराखडा होता.

ज्या परदेशी कंपनीचा वूफर हवा होता तो नवा घ्यायचा तर एकाला आठ-नऊ हजार पडत होते. जाहिरातीत जोडी ९,५०० ला होती. विक्रेत्याने फोनवर सांगितलं, भाऊ आखातातून परत आला, तिथल्या एका कामातला उरलेला माल आहे, खोकी फोडलेलीसुद्धा नाहीत. सोबत स्पीकरच्या वायरचं एक बंडल आणि लाकूड कापायचा छोटा राउटर घेतला तर सगळं मिळून १२,५०० ला देतो म्हणाला. मी नाशिकहून पहाटेच्या गाडीने ठाण्याला गेलो. एका इमारतीच्या पार्किंगमध्ये तो भेटला. बोलायला अगदी मऊ. खोकी छापील, आत थर्माकोल, माहितीचा कागद. त्याने पेन्सिल सेल लावून दोन्ही वूफरचा ‘टक्’ आवाज ऐकवला, मग छोट्या ॲम्प्लिफायरवर गाणं लावलं. वाजत होतं. “सर, तुम्हीच बघून घ्या, नंतर म्हणू नका,” असं तो दोनदा म्हणाला. पैसे यूपीआयने दिले तेव्हा पडद्यावर नाव दुसऱ्याचंच आलं. विचारलं तर म्हणाला, मेव्हण्याचं खातं आहे. मी पुढे काही विचारलं नाही. मल्टिमीटर घरी खणात होता.

बॉक्स बनवायला दीड महिना गेला. त्या कंपनीच्या कागदावर वूफरचे आकडे दिलेले असतात. ऑस्ट्रेलियात काम केलेल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने ते ओळखले जातात आणि बॉक्स किती लिटरचा करायचा, पोर्ट किती लांब ठेवायचा, हे सगळं त्यांवरून निघतं. माझ्या कागदावर रेझोनन्स, म्हणजे वूफरचा हलणारा पडदा, कोन, स्वतःहून ज्या गतीला डोलतो ती, ३२ हर्ट्झ (सेकंदाला ३२ वेळा) होती आणि क्यूटीएस, म्हणजे ते डोलणं किती आवरलं जातं त्याचा आकडा, ०.३६. त्यावरून मी ३५ लिटरचा बॉक्स धरला. प्लायवुडच्या दुकानात १८ मिलिमीटरचं एमडीएफ कापून आणलं, प्लंबिंगच्या ७५ मिलिमीटर पाइपचे २० सेंटिमीटरचे तुकडे पोर्टला लावले, म्हणजे बॉक्स ३६ हर्ट्झच्या आसपास बोलेल. प्रत्येक सांध्याला आतून सील केलं.

पहिल्या संध्याकाळी अण्णांसमोर लावला. आवाज मोठा, भरदार. अण्णा पाच मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले, “अरे, ह्याचा डग्गा एकाच सुरात बोलतोय. घिस्सा कुठे गेला?”

तबला ऐकणाऱ्याला हे लगेच कळेल. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवलं की सूर खालून वर चढतो, तो घिस्सा. माझ्या स्पीकरमध्ये खालचा सूर हरवत होता आणि एका ठरावीक जागी सगळं गुमगुमत होतं. प्रत्येक थाप त्याच गुमगुमीत जाऊन पडायची.

इथून पुढच्या तीन महिन्यांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. कारण ह्या तीन महिन्यांत एकदाही माझा संशय वूफरवर गेला नाही. मला वाटलं, माझंच चुकलं. बॉक्स कुठेतरी हवा सोडत असेल. पोर्ट कापून आखूड केला, मग नवा लांब लावला. आत कापूस भरला, काढला, निम्मा भरला. क्रॉसओव्हरची, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटची, कॉइल बदलली. एका पॅनेलला आतून आडवी पट्टी ठोकली. शेवटी दुसरे बॉक्स बनवले, नवं एमडीएफ आणून. ह्यात आणखी चार हजारांवर खर्च झाला. ॲम्प्लिफायर तापायचा, तर एप्रिल आहे म्हणून सोडून दिलं. अण्णा मला धीर द्यायचे, “पहिलाच आहे, होतं असं.” रात्री मी तेच आकडे पुन्हा पुन्हा गणकात घालायचो आणि दर वेळी उत्तर बरोबर यायचं.

तयार स्पीकर घेणाऱ्याला आवाज वाईट लागला तर तो दुकानात परत जातो. घरी बनवणारा परत जात नाही. तो बॉक्स उघडतो. सुतारकाम त्याचं, सोल्डर त्याचा, हिशेब त्याचा, म्हणून दोषही त्याचाच असणार असं तो धरून चालतो. खोटा माल विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. खोटा वूफर मुका नसतो, तो वाजतो. आणि जो वाजतो त्याला खोटा म्हणायला नवशिक्याची जीभ उचलत नाही.

ज्येष्ठात मुंबईचा एक मित्र आला. तो साउंडच्या कामात आहे. त्याने ऐकून पहिला प्रश्न विचारला, “वूफर मोजलेस का?” मी म्हटलं, कागदावर आहेत ना आकडे. तो काही बोलला नाही. वूफर बाहेर काढला आणि मल्टिमीटर लावला. कागदावर ८ ओहमचा वूफर, डीसी रोध, म्हणजे स्थिर विजेला होणारा अडथळा, ५.८. मीटरवर ३.४. म्हणजे तो ४ ओहमचा होता, ॲम्प्लिफायरमधून जास्त करंट ओढणारा. ॲम्प्लिफायर का तापत होता ते तिथेच कळलं. मग लॅपटॉप, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर त्याने आलेख काढला. रेझोनन्स ३२ ऐवजी ६१. क्यूटीएस ०.३६ ऐवजी ०.७८. दुसरा वूफर ६४ ला निघाला. अशा वूफरला पोर्टचा बॉक्स मानवतच नाही. जो बॉक्स मी तीन महिने सुधारत होतो तो पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

मागच्या मॅग्नेटवर रबराचं जाड टोपण होतं. ते कापलं. आत हाताच्या पंजात मावेल एवढा फेराइटचा मॅग्नेट, त्याच्याभोवती प्लॅस्टिकची कडी आणि वजनासाठी लोखंडाची चकती. मग खोकी काढून पाहिली. दोन्ही खोक्यांवर सीरियल नंबर एकच होता, शेवटच्या आकड्यापर्यंत. तो पार्किंगमध्येही तिथेच छापलेला होता.

वायरचं थोडक्यात सांगतो. वरून तांब्याचा रंग, ब्लेडने तार खरवडली तर आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. अशी वायर उघडपणे तसं सांगून विकतात त्यात गैर काही नाही, जाड घेतली तर घरात चालतेही, पण मला ती शंभर टक्के तांबं म्हणून विकली. बंडल हातात घेतल्यावर हलकं लागलं होतं. तांब्याची घनता ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७, हात खोटं सांगत नव्हता.

राउटरचं मात्र गंभीर आहे. त्याचा कॉलेट, म्हणजे बिट धरणारा चिमटा, झिजलेला होता. विक्रेत्याने ६ मिलिमीटरच्या बिटच्या दांड्याभोवती पत्र्याची पातळ पट्टी गुंडाळून तो पाव इंची कॉलेटमध्ये घट्ट बसवला होता. वूफरचं भोक पाडताना बिट सरकून बाहेर आला आणि लाकडात रुतला. माझा डावा हात वीतभर अंतरावर होता. जुनं फिरतं हत्यार घेताना बिट स्वतः काढून स्वतः लावून बघा. विक्रेता आधीच बिट लावून, चालू करून दाखवत असेल तर बंद करायला सांगा.

पैसे परत मिळाले नाहीत. फोन केला तर आधी म्हणाला, “सर, तुम्ही बघूनच घेतलं होतं.” नंतर म्हणाला, कॉइल तुम्हीच जाळली असेल. मग नंबर बंद. जाहिरात काढलेली. पोलिसांनी अर्ज घेतला, पण त्यांनी विचारलेलं एकेक माझ्याकडे नव्हतं: जाहिरातीचा फोटो, विक्रेत्याचं प्रोफाइल, बिल. यूपीआयचा व्यवहार सापडला, पण खातं तिसऱ्याच्या नावावर आणि मध्ये चार महिन्यांहून जास्त गेलेले. ऑनलाइन पैशांची फसवणूक कळताक्षणी १९३० ह्या नंबरवर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवता येते. पण त्यासाठी ती लगेच कळायला हवी. मी तर तेवढे दिवस बॉक्स बनवत आणि उघडत बसलो होतो. दुकानातून बिलाने घेतलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पार्किंगमध्ये बिल नसतं.

आता मी सेकंडहँड वूफर बघायला जाताना पिशवीत चार वस्तू नेतो: मल्टिमीटर, १०० ओहमचा रेझिस्टर, बॅटरीवरचा छोटा ॲम्प्लिफायर आणि फोन. आधी डीसी रोध. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा. ८ ओहमच्या वूफरला साधारण ५.५ ते ६.५ यायला हवा. मग रेझिस्टर वूफरच्या ओळीत जोडून फोनवरच्या टोन जनरेटरने २० हर्ट्झपासून हळूहळू वर जायचं, मीटर एसी व्होल्टवर ठेवून वूफरच्या दोन टोकांना लावायचा. जिथे आकडा सर्वांत वर जातो तो रेझोनन्स. दहा मिनिटांचं काम आहे. न वापरलेला वूफर जरा कडक असतो, म्हणून ३२ च्या जागी ३६-३७ आले तर काळजी नको. ६१ आले तर पैसे खिशात ठेवून निघा. दोन्ही वूफर मोजा, एकच नाही. आणि विक्रेता मोजू देत नसेल, “वाजतोय ना सर” म्हणत असेल, तर तेही उत्तरच आहे.

स्वस्तात चांगलं मिळत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे चार दुकानं फिरून घासाघीस केली तर सुटे भाग वाजवी दरात मिळतात आणि दुकान उद्याही तिथेच असतं. क्रॉसओव्हरसाठी महागडे कपॅसिटर घेण्याऐवजी मी पंख्याचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर वापरतो, २.५ आणि ३.१५ मायक्रोफॅरडचे, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. ४४० व्होल्टचे असतात, स्पीकरला पुरून उरतात. कॉइलसाठी एनॅमलची तांब्याची तार मोटार वाइंडिंगवाल्याकडून किलोवर आणून स्वतः गुंडाळतो. आणि वूफरसाठी तुमच्या गावातल्या रिकोनिंगवाल्याला, म्हणजे फाटलेल्या स्पीकरला नवा कोन बसवणाऱ्याला, विचारा. गणपती-नवरात्र उरकलं की मंडपवाल्यांचे फाटलेले स्पीकर त्याच्याकडेच येतात. रोज मॅग्नेट उघडणाऱ्या माणसाला खरा-खोटा हातात घेताच कळतो.

अण्णांचे स्पीकर शेवटी अशाच एका रिकोनिंगवाल्याने पुरे केले. त्याच्या मांडणीवर जुन्या म्युझिक सिस्टिममधून काढलेली आठ इंची जोडी होती. रबराची कड शाबूत, नाव पुसलेलं. त्याच्या दुकानातच मोजली: ३५ आणि ३६. क्यूटीएस ०.४ च्या आत. जोडीचे त्याने अठराशे घेतले. बॉक्स तोच, तीन महिने मी ज्याला दोष देत होतो तो. पोर्टची लांबी पुन्हा मूळची केली. त्या संध्याकाळी डग्ग्याचा सूर खालून वर सरकला तेव्हा अण्णांचं डावं मनगट खुर्चीच्या हातावर आपोआप पुढे सरकलं.

नव्या जाहिरातीबद्दल ॲपकडे तक्रार केलीय, ह्या वेळी आधी सगळे फोटो काढून ठेवले आणि ते अर्जासोबत पोलिसांकडेही दिले. माळ्यावरचे दोन वूफर काल खाली काढले. पुरावा म्हणून ते टाकता येत नाहीत, पण उद्या घरात कुणी भंगारात दिले तर तिथून पुन्हा एखाद्या सतरंजीवर जातील. म्हणून दोन्हींच्या कोनवर आरपार काट मारली आणि बास्केटवर, म्हणजे वूफरच्या सांगाड्यावर, पांढऱ्या मार्करने लिहिलं: बनावट. डीसी ३.४, रेझोनन्स ६१. दुसऱ्यावर ६४.