गड्ड्यातला मत्स्यकन्या शो : पोरी एक नंबर, कॉमेंट्री शून्य

यंदा सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, होम मैदानावर फिश टनेल आणि मत्स्यकन्या शो लागलाय, तिकीट शंभर रुपये. टनेल ठीकठाक, गर्दीत मागनं रेटतात त्यामुळं मासे धड बघायला मिळत नाहीत. बघायचं ते शेवटच्या टाकीत.

टिकल्यांच्या शेपटीत दोन्ही पाय अडकवलेले, म्हणजे पोहायचा सगळा जोर कंबरेतनं, डोळ्याला चष्मा नाही, नाकाला काही नाही, तसंच श्वास रोखून खाली यायचं आणि वर हसायचं पण. एकीचे डोळे लालभडक झालेले, तरी माझ्या भाचीनं काचेला हात लावला तर ती आतनं तळव्यासमोर तळवा धरून थांबली, पोरगी हलायलाच तयार नाही. ह्या कामाला पैकीच्या पैकी मार्क.

पण माईकवर काय, तर "समुद्राची राणी आली, टाळ्या वाजवा", एवढंच! अरे, किती मोठी गोष्ट आहे ही. सिरियात अतारगातिस नावाची देवी होती, तिच्या देवळाच्या तळ्यातले मासे पवित्र मानायचे. ग्रीक लोक तिला डेर्केटो म्हणायचे, त्यांच्या कथेत ती लाजेपायी तळ्यात उडी घेते आणि अंग माशाचं होतं, चेहरा तेवढा बाईचा राहतो. अशी ही देवी, आणि पुढं युरोपातल्या चर्चच्या कोरीवकामात मत्स्यकन्येच्या हातात आरसा-कंगवा देऊन तिला भुलवणारी बाई करून टाकलं, ह्याचा मला खरंच राग येतो. कोलंबसानं जानेवारी १४९३ मध्ये कॅरिबियन बेटांजवळ तीन मत्स्यकन्या बघितल्याची नोंद आहे, चित्रात असतात तेवढ्या सुंदर नाहीत म्हणे, ते बहुतेक मॅनेटी, म्हणजे समुद्रगाई, असणार. त्याचा भाऊबंद डुगाँग आपल्या पाल्कच्या उपसागरात आहे, तमिळनाडूनं २०२२ मध्ये त्याच्यासाठी राखीव क्षेत्र केलंय. आणि थायलंडच्या रामायणात तर रावणाची मत्स्यकन्या लेक सेतूचे दगड पळवते, अडवायला गेलेला हनुमान तिच्याच प्रेमात पडतो!

पोरं तोंड उघडं टाकून ऐकतील हे. ज्या गावात सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाच्या अक्षता दरवर्षी पडतात तिथं गोष्ट ऐकणाऱ्यांची काय कमी आहे? मालकांनी दोन मिनिटं काढून हे सांगावं, आणि त्या पोरींना दोन शोच्या मधी जरा जास्त विश्रांती द्यावी.

जायचं असेल तर दुपारी जा, संध्याकाळी काचेपर्यंत पोचताच येत नाही. पाचपैकी साडेतीन.