वॉर ग्रेव्ह्जची साइट: माणूस सापडतो, त्याचं काम सापडत नाही

टेहळणी करताना गेलेल्या वैमानिकांबद्दल वाचायचा नाद असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (ब्रिटन आणि राष्ट्रकुल देशांच्या युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साइटवरचा सर्च एकदा वापराच. फुकट आहे, आणि दोन्ही महायुद्धांतले मिळून सुमारे 17 लाख लोक त्यात आहेत.

उदाहरण म्हणून ब्रिटिश हवाई दलातला टेहळणी वैमानिक एड्रियन वॉरबर्टन घ्या. आडनाव टाकायचं, एअर फोर्स निवडायचं, की आलाच समोर. विंग कमांडर, मृत्यू 12 एप्रिल 1944, जर्मनीतली डर्नबाख वॉर सिमेटरी, कबरीचा नंबर, वर डाउनलोड करायला सर्टिफिकेट. आणि तिथेच गाडी थांबते. नोव्हेंबर 1940 मधे इटलीतल्या टारांटो बंदरावर कॅमेरे चालेनात म्हणून याच पठ्ठ्याने विमान इतकं खाली नेलं की जहाजांची नावं वाचून आणली, आणि लगेच पुढे ब्रिटिशांनी तिथल्या इटालियन आरमारावर हल्ला केला, यातलं काही रेकॉर्डवरून कळणार नाही. शेवटच्या फ्लाइटनंतर तो 58 वर्षं बेपत्ता होता, 2002 मधे बव्हेरियात एका शेतात अवशेष सापडले आणि 2003 मधे दफन झालं, हेही बाहेर वाचायचं. गेला तेव्हा वय फक्त 26 हो!

त्यात टेहळणीवाल्यांची गोची अशी की फोटो काढणाऱ्या बहुतेक स्पिटफायर विमानांत बंदुकाच नसायच्या, वैमानिक एकटा, खूप उंचावर, कुठे पडला ते बघणारंही कोणी नाही. त्यामुळे खूप जणांच्या नावापुढे कबर नसून इंग्लंडमधल्या रनीमीड मेमोरियलचं पॅनल (नावं कोरलेली भिंत) दिसतं. कबर नसलेल्या 20 हजारांवर हवाई सैनिकांची नावं तिथे आहेत.

मग शोधायचं कसं, तर स्क्वाड्रनचा, म्हणजे हवाई दलातल्या तुकडीचा, नंबर बघा. 540, 541, 542, 544 यातलं काही लिहिलेलं असेल तर तो फोटो-टेहळणीवालाच. 540 कडे मॉस्किटो विमानं, 541 आणि 542 कडे स्पिटफायर. नंबर मिळाला की पुढचं काम लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधे, एअर 27 या सिरीजमधे स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदी आहेत. काही रेकॉर्डवर पूर्ण नावाऐवजी नुसती आद्याक्षरं असतात, तेव्हा पहिलं नाव टाकण्यापेक्षा सर्व्हिस नंबर टाका, तो असला तर प्रश्नच मिटला.

आपले लोकही आहेत बरं का. रॉयल इंडियन एअर फोर्सच्या 6 नंबर स्क्वाड्रनने बर्मातल्या आराकानात हरिकेन विमानांवरून टेहळणीच केली, आणि बर्मा आघाडीवर जे गेले पण कबर नाही ते वैमानिक सिंगापूरच्या क्रांजीतल्या स्मारकावर शोधायचे.

एकच अपेक्षा ठेवू नका, राष्ट्रकुलाबाहेरच्या देशांचे वैमानिक इथे सहसा नाहीत. ‘द लिटल प्रिन्स’चा लेखक सेंट-एक्झुपेरी 31 जुलै 1944 ला कॉर्सिकाहून टेहळणीला निघाला तो परत आलाच नाही, पण तो फ्रेंच, त्याच्यासाठी फ्रेंच सरकारची वेगळी साइट आहे. पाचपैकी चार स्टार.